राजूरच्या पुढे मराठी बंद

चार मास्तर रोज एकाच जीपमध्ये कोंबले, की किस्से साठायला वेगळं काही करावं लागत नाही. नगरकडच्या अकोले स्टँडवरून आमची जीप सुटते, राजूरला चहा होतो आणि मग डोंगरात एकेकाला त्याच्या शाळेच्या फाट्यावर टाकत ती पुढे जाते. आजवरचे सगळे किस्से काढले तर भंडारदरा भरून वाहील. पण लोक मला एकाच वर्षाचे विचारतात, इंग्रजीच्या वर्षाचे. तेही हसत हसत. मला मात्र आधी त्या वर्षाची भीती आठवते, हसू मागाहून येतं.

आधी माणसं सांगते. वाकचौरे सर आमच्यात वयाने मोठे, इंग्रजीचे पक्के आणि बोलायला एरंडेल. नवले सर तरुण, हुशार, पण तोंड उघडायच्या आधी फार विचार करणार. वंदना वरच्या वाडीच्या शाळेत एकटी शिक्षिका. चौथी मी. मला राग लवकर येतो, हे जीपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आणि गाडी चालवणारा कचरू.

झालं असं, की दिवाळीनंतर वंदनाच्या फाट्यावर एक पिवळी बस येऊन थांबायला लागली. खालच्या एका इंग्लिश मीडियम शाळेची. वाडीतल्या बापांची डोकी फिरली. सोमनाथ नावाचा गडी तर थेट वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याची काजल तिसरीत, रोशन पहिलीत.

"बाई, तुमाला विंग्रजी येतं का? गुढीपाडवा झाला की मीटिंग घ्या आन समद्यांम्होरं बोलून दावा. न्हाईतर आमचा पोरगा बसनं जाईल."

"आणि काजल?" वंदनाने विचारलं.

"पोरगी राहील घरी. दोघांचं कुठं परवडतंय?"

वाडीतल्या बहुतेक घरांत हाच हिशेब चालला होता. मुलगे बसमध्ये, मुली घरात आणि शाळेला कुलूप. हे सांगताना वंदना जीपमध्ये रडली. डी.एड. होऊन इतकी वर्षं झाली, वाचलेलं सगळं कळतं, पण बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटते, असं म्हणाली. मला सोमनाथचा इतका संताप आला की तो समोर असता तर काय बोलले असते कोण जाणे.

वाकचौरे सर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "रडून व्याकरण सुधारत नाही. उद्यापासून राजूरच्या पुढे मराठी बंद."

*

नियम असा. राजूरचा चहा झाला की फक्त इंग्रजी. प्रत्येकाने काल काय केलं ते पाच वाक्यांत सांगायचं, बाकीच्यांनी दुरुस्त करायचं. मराठी बोलेल त्याने आपल्या फाट्याच्या अलीकडे उतरून शेवटचं वळण चालत जायचं. नवले सरांनी विचारलं, आधी व्याकरणाचं पुस्तक पाठ करू का? वाकचौरे सर म्हणाले, "नियम पाठ केलेले लोक मी पाहिलेत. त्यांना हवापाण्याचं विचारलं तर ते नियमच सांगतात."

पहिल्या दिवशी राजूर सुटलं आणि जीपमध्ये जी शांतता पसरली, ती विचारू नका. एरवी आमची तोंडं बंद कुठे असतात? कोणी कोणाकडे बघेना. दोन वळणं झाल्यावर कचरूने गाडी बाजूला घेतली.

"काय झालं? भांडान झालं का काय?"

आम्ही गप्प. सांगावं तरी कसं?

"आवो बोला की. कुनी गेलं का घरात?" त्याचा चेहरा खरंच पडला होता.

शेवटी वंदनाने सगळा जीव गोळा केला. "नो फाइट. ओन्ली इंग्लिश."

कचरूने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गिअर टाकला. "मंग रोज विंग्रजीच बोला. गाडी लई निवांत चालती."

*

जानेवारीतली गोष्ट. चढावर धुकं होतं, पुढचं दिसत नव्हतं. टपावरची ताडपत्री सुटली म्हणून कचरू गाडी थांबवून खाली उतरला आणि मागे गेला. पुढच्या सीटवर नवले सर. मागे आम्ही तिघं, वंदनाची पाच वाक्यं चाललेली.

मला वाटलं धुकं पुढे सरकतंय. मग लक्षात आलं, धुकं जागेवर आहे, आपणच मागे चाललोय. पुढे बघते तर नवले सर ताठ बसलेले, डोळे मोठे झालेले आणि ओठ हलतायत. आवाज नाही! मागे दरी, आणि जीप न् दरीच्या मध्ये कचरू.

"अरे देवा, गाडी चालली, कचरू बाजूला हो!" मी किंचाळले. कचरू बाजूला उडी मारून धावत आत आला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. मागचं चाक रस्त्याच्या कडेच्या दगडाला टेकलं होतं. वंदनाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की चार दिवस वळ दिसत होते.

वाकचौरे सरांनी शांतपणे विचारलं, "नवले, तुम्हाला दिसलं नव्हतं?" सरांनी हे इंग्रजीत विचारलं, बरं का.

नवले सर घाम पुसत मराठीत म्हणाले, "सगळ्यात आधी मलाच दिसलं. पण 'इज गोइंग' म्हणू की 'हॅज स्टार्टेड' म्हणू, ते ठरत नव्हतं."

त्या दिवसापासून सरांनी नियमात भर घातली. आधी बोला, चुकीचं बोला, मग दुरुस्त करू. वाक्य मनात शिजवत बसायचं नाही.

आणि नवले सर आणि मी, दोघंही त्या दिवशी शेवटचं वळण चालत गेलो. जीव वाचवला म्हणून मी सूट मागितली तर सर म्हणाले, "किंचाळलात कोणत्या भाषेत?"

*

वंदनाने घरीही इंग्रजी सोडलं नाही. पोळ्या लाटता लाटता मोबाईलमध्ये आपली वाक्यं रेकॉर्ड करायची आणि भांडी घासताना ऐकायची. आपली चूक आपल्या कानाला लगेच कळते म्हणायची. सासूबाई आधी दचकल्या, मग त्यांनी शेजारणीला सांगून टाकलं, "आमची वंदा आता स्वतःशीच भांडते, पन सायबी भाषेत."

एकदा पिठाच्या हाताने कुठलं बटन दाबलं गेलं कोण जाणे, ते रेकॉर्डिंग आमच्या भागातल्या सगळ्या शाळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं. वंदनाचा बारीक आवाज, "यस्टर्डे आय वॉज व्हेरी अफ्रेड. आय कुड नॉट स्लीप."

केंद्रप्रमुख साहेब घाबरले. एकटी बाई, डोंगरातली शाळा. फोन लावला तर वाडीत रेंज कुठली! साहेब स्वतः मोटारसायकल काढून वर आले. धापा टाकत वर्गात शिरले. "मॅडम, कोणाची भीती? नाव सांगा, मी बघतो."

वंदनाने चाचरत सगळं सांगितलं. साहेब खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. "वाक्य बरोबर होतं," म्हणाले. मग वर्गातल्या मुलांकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "पण मॅडम, जूनमध्ये मुलांचा पट राहिला नाही, तर शाळा चालू ठेवणं माझ्या हातात नाही. हे मात्र खरंच भिण्यासारखं आहे."

*

पाडवा जवळ आला तसे आमचेही चेहरे सुकले. आणि त्यातच नवले सरांनी एक उपद्व्याप केला. मोबाईलवरच्या एआयकडून दणदणीत भाषण लिहून आणलं आणि वंदनाला दिलं. एकेक शब्द असा, की म्हणताना दात हलावेत. वंदनाने ते पाठ करायला घेतलं. वाकचौरे सरांच्या डोक्यात तिडीक गेली.

"मागून आणलेला कोट घालून पोरगी बघायला जायचंय का? हिला स्वतःची पाच वाक्यं येतात. त्यावरच उभं राहू द्या." हे त्यांनी चक्क मराठीत म्हटलं.

"पाच वाक्यांवर शाळा वाचत नाही, सर," नवले सरही मराठीत.

"अहो, दोघं मिळून तिला खाऊन टाकाल," असं म्हणून मीही सुटले. वंदना कानावर हात ठेवून ओरडली, "गप्प बसा सगळे!"

कचरूने गाडी थांबवली आणि दार उघडून धरलं. "उतरा. समदे मराठी बोल्ला."

रिकामी जीप पुढे आणि आम्ही चौघं मागून चालत, चौघांत चार-चार हात अंतर. वाटेत भाताच्या पेंढ्याचा भारा घेऊन येणारी म्हातारी थांबली आणि म्हणाली, "गाडी बिघडली का मास्तर?" वाकचौरे सर म्हणाले, "गाडी बरी आहे."

*

त्याच आठवड्यात माझ्या शाळेचं काम होतं म्हणून मी वंदनाच्या वर्गात गेले. बघते तर तिने जीपचा सगळा कारभार तिथे मांडलेला. सकाळी आमच्याकडून दुरुस्त करून घेतलेली वाक्यं ती लगेच मुलांना शिकवायची. शिकवलं की मला पक्कं होतं, म्हणाली. पद्धत अशी, की एकाने उठून कालचं इंग्रजीत सांगायचं आणि शेजारच्याने उभं राहून तेच मोठ्याने मराठीत सांगायचं.

एक पोरगा उठला. "यस्टर्डे माय गोट एट माय पेन्सिल."

शेजारून काजल उठली. दोन वेण्या, फ्रॉकला एक बटन कमी. खणखणीत म्हणाली, "काल माझ्या शेळीनं माझी पेन्सिल खाल्ली."

मी त्या पोराला विचारलं, "खरंच खाल्ली का रे?"

"न्हाई बाई. आमच्याकडं शेळीच न्हाई. पन वाक्य झालं ना?"

मी हसले, पण काजलकडे बघून मला भडभडून आलं. जूनमध्ये ही पोरगी या बाकावर नसेल, हे तिला कोणी सांगितलं होतं की नाही, विचारायचा धीर झाला नाही.

*

मीटिंग पाडव्यानंतरच्या गुरुवारी झाली. संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर. आम्हीही आमच्या शाळा सुटल्यावर थेट तिकडेच गेलो. वर्ग भरलेला. बापे खिडक्यांना टेकून, बाया खाली सतरंजीवर, पोरं कडेने. सोमनाथ पहिल्या ओळीत, हाताची घडी घालून.

"हं बाई. बोला."

वंदना उभी राहिली. नवले सरांचं भाषण सुरू केलं. पहिलं वाक्य झालं, दुसरं अर्धं झालं आणि थांबली. मला वाटलं श्वास घेतेय. पण ती थांबलीच. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मागे कोणीतरी हसलं. सोमनाथ शेजाऱ्याला म्हणाला, "झालं. बगितलं ना?" मला उठून बाहेर जावंसं वाटलं.

तेवढ्यात वाकचौरे सरांनी रोज सकाळी विचारतात तसं, त्याच कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?"

आणि वंदनाचं तोंड आपोआप उघडलं.

"यस्टर्डे काजल डिड नॉट कम टू स्कूल."

सतरंजीवरून एक आजी म्हणाली, "काय म्हनली ग बया?"

कडेला काजल उठून उभी राहिली. रोजची सवय. "काल काजल शाळेत आली नाही."

"आय वेंट टू हर हाऊस."

"मी तिच्या घरी गेले."

"काजल वॉज मेकिंग भाकरी."

"काजल भाकरी करत होती."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. वंदना आता कोणाकडेच बघत नव्हती, तिला फक्त पाच वाक्यं पुरी करायची होती.

"हर फादर वॉज स्लीपिंग."

"तिचा बाप झोपला हुता."

हे म्हणून झाल्यावर काजलला कळलं आपण काय म्हणालो. तिने तोंडावर हात ठेवला. सगळ्यांच्या माना सोमनाथकडे वळल्या. पाचवं वाक्य राहूनच गेलं.

सोमनाथ उठला. चप्पल पायात सरकवली आणि निघून गेला. बाकीचे बापेही "उद्या बगू" म्हणत उठले. काजल भिंतीला तोंड करून उभी होती आणि वंदना तिला जवळ घेऊन नुसती थोपटत होती.

परतताना जीपमध्ये कोणी मराठी बोललं नाही आणि इंग्रजीही नाही. वंदना एकदाच म्हणाली, "आज तिला घरी मार बसला तर?"

दुसऱ्या दिवशी तिच्या फाट्याशी आलो तर पिवळी बस उभी होती, हॉर्न वाजवत. रस्त्याच्या अलीकडे सोमनाथ उभा होता. अंघोळ केलेला, केस ओले. एका हाताला रोशन, दुसऱ्या हाताला काजल, दोघांच्या पाठीवर दप्तरं. काजलची एक वेणी कानाच्या वर, दुसरी पार मानेवर, बाईमाणसाने घातलेल्या वेण्या नव्हत्या त्या. बस हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

जीप थांबली तसा तो वंदनाच्या खिडकीशी आला.

"बाई, उद्या पोरांना आजचं सांगताल ना, तवा येवढं सांगा. बाप जागा हुता."