आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही

मंडळी, आज दुपारी भोकरला घरी जेवताना जे घडलं, ते सांगते.

आमच्या आईला ओसीडी हा मनाचा आजार हाय. सोयाबीनवर फवारायचं विषारी औषध हाताला लागून भाकरीत गेलं असंल, ही भीती तिला सोडत न्हाई. हात धुऊन धुऊन सालटं निघाली. तरी भाकरी वाढली की विचारतेच, "जीभ चरचरत न्हाई ना गं?"

सकाळीच नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही, असं सारखं सांगू नका. त्यानं भीती वाढते." आईनंही मान डोलावली होती.

दुपारी तिनं विचारलंच. मी खाली बघून जेवत राहिले. ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. मग माझ्या ताटातली भाकरी उचलून स्वतःच खाऊ लागली. विष असंल तर लेकीऐवजी आपल्याला बाधावं म्हणून.

अशा आईपुढं तुम्ही गप्प राहू शकला असता का?