सासऱ्यांशी पहिलं बोलणं

आर्णीजवळच्या आमच्या गावात सून सासऱ्यांशी बोलत नसे. काही सांगायचं तर सासूबाईंच्या मार्फत, त्या नसल्या तर भिंतीकडे तोंड करून. ‘ताट वाढलं’ हे मी वर्षानुवर्षं भिंतीला सांगितलं, आणि जेवायला सासरे उठायचे.

कापसानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं, तेव्हाची गोष्ट. गावातले सगळेच पुरुष वाळले होते, म्हणून सासऱ्यांचं वाळणं कुणाला वेगळं वाटलं नाही. मला वाटलं. संडास धुणं, त्यांचं टमरेल भरून ठेवणं, धोतरं धुणं माझ्याकडे होतं. टमरेल घडीघडी रिकामं व्हायला लागलं. मग धोतराला रक्त दिसलं. मी घाबरून सासूबाईंना सांगितलं.

“मूळव्याध हाय. सुरण शिजव,” त्या म्हणाल्या.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, मी सुरण शिजवत राहिले. रक्त काही थांबेना.

शेवटी सासरे शेतात चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे यवतमाळच्या दवाखान्यात निघाले. नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर, सासूबाईंना एसटी लागते. म्हणून सोबत मी.

डॉक्टरांनी विचारलं, “संडासवाटे रक्त जातं का, बाबाजी?”

“नाही.”

“पोट साफ होतं?”

“येकदम.”

“वजन?”

“कापसाचं टेन्शन हाय, साहेब.”

डॉक्टर ताकदीच्या गोळ्या लिहायला लागले. हा माणूस लाजेपायी जीव देणार आणि मी डोक्यावर पदर घेऊन बघत बसणार! मला त्यांचा असा राग आला, की सवयीनं भिंतीकडे तोंड करूनच मी बोलले.

“रक्त जाते. पोळ्यापासून जाते. संडास बोटासारखी बारीक होते. जाऊन आले का पुन्हा जातात.”

डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद बाजूला ठेवला आणि सासऱ्यांना पडद्यामागे नेलं. बाहेर आल्यावर हात धुताधुता म्हणाले, “मूळव्याध नाही. आत गाठ लागते आहे. तुकडा काढून तपासायला पाठवू. कॅन्सर असू शकतो. लवकर यायला हवं होतं.”

बाहेर बाकड्यावर आम्ही मध्ये पिशवी ठेवून बसलो. ते थेट माझ्याशी बोलले. “तुले मालूम होतं, तं मले काहून नाही सांगतलं?”

“तुमच्याशी बोलत नसतात न, मामाजी.”

त्यांनी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आता बोललीच हायस, तं खरं सांग. वाचतो का मी?”

मला रडू फुटलं. ते मात्र उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिले.