रकाना नसलेलं उत्तर

सर्वेबाई कधीच उंबऱ्यावरून प्रश्न विचारत नसत. आत येऊन जमिनीवर बसत, मी तांदूळ निवडत असले तर सुपातला अर्धा वाटा स्वतःकडे ओढत आणि मग बोलायला लागत. फॉर्म बराच वेळ पिशवीतच राही.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. रामदासपेठेतली एक संस्था आमच्या वस्तीत बायकांसाठी शिलाईचा वर्ग चालवायची. वर्गाने वस्तीचा काय फायदा झाला, याचा सर्वे करायला त्यांनी बाईंना पाठवलं. बाई शिकलेल्या, पण मूळच्या रामटेककडच्या, बोलत आमच्यासारख्याच. "जे झालं ते सांग, अन् जे नाई झालं तेही सांग वं. खोटं लिहून मले काय करायचं हाय?"

शिलाईवर घर चालतं असं सांगायचं, हे आम्ही बायकांनी आधीच ठरवलं होतं. पण बाई समोर बसल्या की ठरवलेलं टिकत नसे. मी सांगून टाकलं, शिलाईत काही सुटत नाही.

"मग जातेस काहून?"

शेजारच्या कमलला नवरा मारायचा. एका दुपारी वर्गातल्या आम्ही अकराजणी उठलो आणि तिच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. कोणी शब्द काढला नाही. पुन्हा त्याचा हात उठला नाही. हे सांगितलं. दवाखान्यात एकटीने जायला मी वर्गामुळेच शिकले, तेही सांगितलं.

बाईंनी फॉर्म उलटून पाहिला. "याले रकानाच नाई," म्हणाल्या आणि समासात बारीक अक्षरात लिहीत राहिल्या. जागा संपल्यावर मागच्या कोऱ्या बाजूवर. निघताना म्हणाल्या, "खरं सांगितलं ना, ते तुमच्याच कामी येईन."

दिवाळीनंतर वर्ग बंद झाला, शिलाईच्या मशिनी हातगाडीवर चढल्या. संस्थेच्या चिटणीसांनी अहवाल वाचून दाखवला: वर्गामुळे उत्पन्नात वाढ नाही, असं महिलांनीच सांगितलं आहे. आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं. प्रत्येकीला वाटत होतं, ते वाक्य आपलंच.

आठवड्याने बाई स्वतःहून आल्या. दारोदार सांगत फिरल्या, "मी समासातलं सगळं देल्लं होतं. त्यायनं नुसते रकाने मोजले." कोणी त्यांना बसा म्हटलं नाही. मीही नाही.

"खोटं बोललो असतो तर मशिनी राहिल्या असत्या, बाई," मी म्हणाले. "तुमच्याकडं पाहून आमी खरं बोललो."

त्या उन्हात उभ्याच होत्या. "रकाना नव्हता तवाच मी तो फॉर्म वापस करायले पायजे होता," एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांनी नोकरी सोडल्याचं ऐकलं. पुन्हा भेट झाली नाही.

काही वर्षांनी वस्तीतल्या बालवाडीची पाहणी करायला एक साहेब आले. मी घडाघडा उत्तरं दिली. कमाई वाढली, पोरं सुधारली, सगळं वाढलं. निम्मं खोटं होतं. साहेब खुशीत खुणा करत गेले. बालवाडी टिकली, बायकांनी माझं कौतुक केलं. मी घरात येऊन दार लावून घेतलं. मला बाईंचा फार राग आला. आणि त्या समोर बसल्या असत्या, तर मी पुन्हा खरंच सांगितलं असतं, हेही कळलं.