लेखनिकाने गाळलेलं
अमेरिकेतल्या श्रूजबरीत आल्यावर पहिली दोन वर्षं मी घरात बसून काढली. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती, शिकायला मात्र हरकत नव्हती. म्हणून २००५ च्या जानेवारीत जवळच्या वूस्टरमधल्या एका कॉलेजात दर मंगळवारी दुपारी जायला लागले. विषय होता मध्ययुगातल्या धार्मिक स्त्रिया आणि इंग्रजीतल्या आत्मचरित्राची सुरुवात. मी नागपूरची कॉमर्सवाली, माझा या बायांशी काय संबंध? खरं कारण इतकंच की तेवढा एकच वर्ग दुपारचा होता आणि तिथपर्यंत बस जायची.

पण त्या बायांनी मला धरून ठेवलं. एकीने देवासाठी चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला कायमचं कोंडून घेतलं होतं. मला तिची कीव आली नाही, कारण घरात कोंडून बसायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. दुसरी डझनाहून जास्त मुलांची आई, देवळात मोठमोठ्याने रडणारी, एकटीच्या हिमतीवर तीर्थयात्रा करणारी. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने आपलं आयुष्य एका पाद्र्याला तोंडी सांगितलं. पाद्री मात्र कित्येक वर्षं टाळाटाळ करत राहिला. लोक तिला नावं ठेवत, धर्माविरुद्ध बोलते म्हणून तिची चौकशी झाली होती, आणि तिच्याबरोबर आपणही अडकू अशी त्याला धास्ती होती.

मला त्या पाद्र्याचा भयंकर राग आला. मी वर्गात त्याला सरळ पळपुटा म्हटलं. आमच्या प्रोफेसर साठीच्या, फार सावकाश बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "त्याच्या खुर्चीत एकदा बसून बघ." माझं मत काही बदललं नाही.

मार्चमध्ये त्यांनी असाइनमेंट दिली. आपलं आयुष्य दुसऱ्या कुणाला तरी तोंडी सांगायचं, लिहायचं त्याने. आपण कीबोर्डला हात लावायचा नाही आणि जे लिहून येईल ते जसंच्या तसं आणून द्यायचं. मला लेखनिक म्हणून नवऱ्याशिवाय होतं कोण? शनिवारी सकाळी चहा झाल्यावर तो लॅपटॉप उघडून बसला. मी मराठीत सांगणार आणि तो इंग्रजीत टाइप करणार, असं ठरलं.

शाळा, कॉलेज, लग्न, विमानप्रवास हे सगळं भराभर झालं. मग मी डब्यांवर आले. त्याच्या ऑफिसात पुण्याची चार बॅचलर मुलं होती, त्यांना मी रोज पोळीभाजीचे डबे देत असे. डबे न्यायला नवराच जेवणाच्या सुट्टीआधी ऑफिसातून घरी यायचा. महिनाअखेरीस ती मुलं पैशांचं पाकीट द्यायची आणि आमच्या व्हिसावर ते पाकीट चालत नव्हतं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये कुणी दुसऱ्यांची मुलं सांभाळायचं, कुणी भुवया करून द्यायचं, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

डबे त्याला माहीत होते. पुढचं माहीत नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी पोळ्या लाटताना दारावर जोरात थाप पडली. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं; वाटलं, इमिग्रेशनवालेच आले. मी गॅस बंद केला, चारही डबे उचलले आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. टबात डबे ठेवून पाऊण तास खाली बसून राहिले. हाताचं पीठ वाळून तडकलं. बाहेर आले तेव्हा दाराशी पार्सल पडलेलं होतं.

हे मी त्याला प्रथमच सांगत होते. सांगताना थोडं हसलेही. त्याची बोटं मात्र थांबली होती.

"हे नको लिहायला, यार," तो म्हणाला.

"का? माझीच गोष्ट आहे ना?"

"अगं, आपली ग्रीन कार्डची फाइल आत आहे. असलं काही पेपरवर कशाला? कॉलेजच्या सिस्टिममध्ये जाणार ते. कोण वाचेल, कुठे फॉरवर्ड होईल, काय माहीत."

"प्रोफेसर कुणाला सांगायला जाणार आहेत?"

"तू श्युअर आहेस?"

मी नव्हते. त्याच्या ग्रुपमधल्या एकाची फाइल अडकली, तेव्हा ते कुटुंब तीन आठवड्यांत घर आवरून भारतात परतलं होतं. त्यांचा सोफा आमच्याच हॉलमध्ये होता. नवऱ्याचे कान लाल झाले होते आणि तो माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होता. हा माणूस दोन वर्षं रोज माझे डबे बॅगेत घालून नेतो आणि रोज इतका घाबरतो, हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, राहू दे, नको लिहूस.

प्रिंट हातात आली आणि मला हसावं की रडावं कळेना. माझ्या आयुष्याचे त्याने नऊ बुलेट पॉइंट केले होते. शिक्षण, विवाह, स्थलांतर, छंद. ही आत्मकथा की नोकरीचा अर्ज? डब्यांच्या जागी लिहिलं होतं की मला पाककलेची आवड आहे. सोमवारी त्याने त्या चार मुलांना परस्पर सांगून टाकलं की बायकोची तब्येत बरी नसते, डबे बंद. त्यानंतर मी दोघांपुरत्या पोळ्या लाटत राहिले.

पुढच्या मंगळवारी वर्गात प्रोफेसरांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुमच्या लेखनिकाने काय गाळलं? माझा नंबर सातवा होता. एकीने आपला घटस्फोट सांगितला, एकाने बापाची दारू. माझ्या शेजारी सरकारी खात्यातून रिटायर झालेले एक आजोबा बसायचे. कुठलं खातं ते मी कधी विचारलं नव्हतं. आता ते इमिग्रेशनचंच असणार असं माझ्या मनाने घेतलं आणि पाचावर धारण बसली.

"काहीच नाही," मी म्हणाले. "सगळं लिहिलंय."

प्रोफेसरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्या पुढच्याकडे वळल्या. दोन आठवड्यांनी पानं परत मिळाली. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं की या नऊ मुद्द्यांमागे कुणीतरी फार घाबरलेलं आहे, पण ते कोण आणि कशाला, हे कळत नाही.

नवऱ्याने ते वाचलं. पानं टेबलावर ठेवली. मला वाटलं आता चिडेल. चिडला नाही. शनिवारी सकाळी आपणहून लॅपटॉप घेऊन समोर बसला.

"सांग," तो म्हणाला. "सगळं टाइप करतो. सेव्हसुद्धा नाही करणार. फक्त तू सांग."

मला त्याची फार माया आली. मी सांगायला लागले. इथे थंडी फार, पण सवय झाली. लोक चांगले आहेत. कोर्स आवडला. शेजारची काकू केक देते. तो एकेक वाक्य इमानाने टाइप करत होता. मी थांबले, तसं त्याने वर बघितलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"आणि त्या दिवशी दार वाजलं, ते?"

"काही नाही रे," मी म्हणाले. "पार्सलवाला होता."

त्याने तेवढंच टाइप केलं. या वेळी गाळणारी मी होते.