खपूनही न खपलेली चटणी

मैत्रिणींनो, आज दुपारचीच गोष्ट. माझा संताप अजून उतरलेला नाही.

माझी शेजारीण शमीम शेंगाचटणी कुटून विकते. एका मोठ्या दुकानाने वर्षभरापूर्वी तिच्या पाकिटांना जागा दिली होती. काल फोन आला, "तुमची चटणी खपत नाही, उरलेला माल घेऊन जा." म्हणून आज मी तिच्याबरोबर गेले.

मॅनेजरने कॉम्प्युटर दाखवला. महिन्यात फक्त चार पाकिटं विकलेली, बाकीची पडून.

"कुठे पडून आहेत, ते दाखवा," मी म्हणाले. जाऊन पाहिलं, तर रॅक रिकामा.

तेव्हा बिल करणारी मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तेलानं बारकोडचं स्टिकर भिजतंय, मशीन वाचत न्हाय. गर्दी असली की आमी त्याच किमतीच्या लोणच्याचं बिल मारतोय."

म्हणजे शमीमची चटणी महिनाभर लोणचं म्हणून नोंदली गेली. आणि मॅनेजर म्हणाला, सोमवारपासून तिची जागाही त्याच लोणच्याला मिळणार आहे!

"हे वर कळवा," मी मॅनेजरला बजावलं.

"निर्णय पुण्याच्या मुख्य ऑफिसात झालाय, मॅडम. तिथे आकडा दिसतो, रॅक दिसत नाही."

बाहेर आल्यावर शमीमने विचारलं, "ताई, शेंगा जरा कमी कुटू का? तेल सुटायचं न्हाई, मग मशीन वाचंल की."

चांगली कुटलेली चटणी तेल सोडतेच, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तुम्ही तिला काय सांगितलं असतं?