चाटून बघ म्हणे!

आज गंगापूर रोडला मुलांचं 'पांढरी पावडर ओळखा' शिबिर होतं. माझी ईशा घरून तीन पावडरी घेऊन गेली, सोबत मीही होतो. डबे तिच्या आईने भरलेले, चिठ्ठी एकावरही नाही. आई दोन महिन्यांपूर्वी वारली.

व्हिनेगर टाकल्यावर एक फसफसली, तो सोडा. आयोडीनने दुसरी काळीनिळी झाली, ते कॉर्नफ्लोअर. तिसरीला काहीच झालं नाही.

सर हसून म्हणाले, "चाटून बघ, साखर असेल."

मी तिचा हात धरला. ती झुरळांसाठी ठेवलेली बोरिक पावडर होती. कॅरम खेळायचो म्हणून ओळखली.

"अहो, गंमत केली!"

"डबे भरणारी आता नाही, सर. विचारायचं कोणाला?" मी ओरडलोच.

राग माझाही येतोय. तेरा वर्षं तिच्या हातचं जेवलो, डबा कधी उघडला नाही. तुम्ही उघडलाय?