युसूफचे दोन ठिपके

हे मी सुमनला सांगितलेलं नाही. युसूफला तर नाहीच. पाच वर्षं झाली, आणि एवढ्या काळात माझ्या तोंडून चुकूनही निसटलं नाही — मी किती जपून राहतो, ते यावरून समजा. मग आज तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्या दोघांना ओळखत नाही म्हणून. माझ्या हिमतीला एवढंच झेपतं.

गॅरेजपासून सुरुवात करतो. गॅरेजबद्दल बोलणं सोपं जातं.

बजाजनगरला आमचं रो-हाऊस आहे. पुढच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला सव्वीस वर्षं काढली, शेवटची दहा सुपरवायझर म्हणून, आणि घरी बसल्यावर त्या गॅरेजात मी माझा छोटा कारखाना थाटला. एक जुना लेथ, एक ड्रिल, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने. जुन्या स्कूटर आणायच्या, खोलायच्या, नव्यासारख्या रंगवायच्या — हा नाद. रंगाच्या गनला हवा लागते म्हणून कॉम्प्रेसर घेतला. आणि मग डोक्यात भरलं की रबरी नळ्या जमिनीवर लोळवायच्या नाहीत. कारखान्यात असते तशी भिंतीवरून हवेची लाइन हवी. निळी. सरळ. बघणाऱ्यानं बघत राहावं अशी.

हौस होती, दुसरं काय. गरज म्हणाल तर रबरी नळीनंही भागलं असतं.

लाइन टाकायला मी युसूफला बोलावलं. युसूफ पडेगावचा. आमच्या कारखान्यात ठेकेदाराकडून पाइप फिटर म्हणून यायचा, आणि त्याच्यासारखा फिटर मी दुसरा बघितला नाही. लोखंडी पाइपाला हातानं आटे पाडायचा, सुतळी गुंडाळून सफेदा लावायचा, सांधा आवळायचा, मग हवा सोडून दाढीच्या ब्रशनं साबणाचं पाणी लावून बघायचा. एक बुडबुडा आला तरी सांधा परत खोलायचा. आणि सगळं मनासारखं झालं की पंच घेऊन त्या सांध्यावर दोन ठिपके ठोकायचा. शेजारी शेजारी, ज्वारीच्या दाण्याएवढे. कारखान्यात कुठं गळती निघाली की आम्ही आधी ठिपके शोधायचो, आणि ठिपके असले की गळती दुसरीकडे शोधायचो. इतका त्या माणसाचा शब्द होता. शब्द कसला — ठिपकेच ते.

माझ्याकडं त्यानं दोन भिंती पूर्ण केल्या. लाइनला थोडा उतार दिला, हवेतलं पाणी एका टोकाला जमावं म्हणून. तेरा सांधे झाले. तेरावा म्हणजे शटरजवळच्या कोपऱ्यातला एल्बो, लाइन काटकोनात वळवणारा जोड. तिथून पुढं तिसऱ्या भिंतीवर आठ फूट पाइप आणि शेवटी नळ, एवढंच राहिलं होतं. त्यासाठी क्लॅम्पसुद्धा त्यानं ठोकून ठेवले होते. पण खुलताबादला त्याच्या पुतणीचं लग्न आलं. जाताना त्यानं एल्बोच्या तोंडाला डमी, म्हणजे आट्यांचं बूच, आवळली आणि म्हणाला, "भाऊ, एवढा तुकडा राहू द्या. तीन दिवसात येतोच मी. तोवर कायको घाई करायची?"

मी हो म्हटलं. आणि त्या तीन दिवसांतच खंडेनवमी होती.

तुम्ही कारखान्यात काम केलं असेल तर सांगायला नको. त्या दिवशी मशिनं धुऊन पुसून त्यांची पूजा करायची, झेंडूचे हार घालायचे, आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. मी कारखान्यातल्या जुन्या चार-पाच सोबत्यांना जेवायला बोलावून बसलो होतो. त्यांना अर्धवट लाइन दाखवायची? मी? गच्चीवरच्या टाकीच्या कामातून उरलेला प्लास्टिकचा पाइप जिन्याखाली पडून होता. बरोबर आठ फुटांचा निघाला — याचंच मला तेव्हा नवल वाटलं होतं.

इथं थांबतो जरा. कारण "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची इथं सोय आहे, आणि ती मला वापरायची नाही. मला माहीत होतं. पाण्याचा प्लास्टिक पाइप फुटला तर पाणी सांडतं. त्यात दाबाची हवा भरली आणि तो फुटला, तर काचेसारखे तुकडे उडतात. हे मी नव्या पोरांना दरवर्षी शिकवायचो. आमच्या कॉम्प्रेसर रूमच्या दारावर पाटी होती — हवेच्या लाइनला प्लास्टिक वापरू नये. ती पाटी माझ्या हातची होती. अक्षर चांगलं म्हणून मलाच रंगवायला दिली होती.

तरी मी डमी काढली, पाइप चिकटवला, नळ बसवला. आणि सगळ्या लाइनला आकाशी रंगाचे दोन हात मारले. रंग वाळल्यावर लोखंड कुठं संपतं आणि प्लास्टिक कुठं सुरू होतं, ते मलाही लांबून कळेना. छान दिसत होती हो लाइन. सुमन चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "अगं बाई, कंपनीसारखंच झालं की." मी नुसता फुगलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मंडळी हॉलमध्ये बसली होती. सुमन गॅरेजमध्ये ताट घेऊन एकेका मशिनला हळदीकुंकू लावत होती. मी कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. ती म्हणाली, "आज चालवत नसतात." मी म्हटलं, "दोनच मिनिटं. त्यांना नळ उघडून दाखवतो, लगेच बंद." दाबाचा काटा चढत गेला. आठावर गेल्यावर कॉम्प्रेसर आपोआप थांबला. सुमन तेव्हा शटरजवळ फूल ठेवायला वाकली होती.

आवाज झाला. मोठा, कोरडा. ताट पडल्याचा आवाज मला नंतर आला.

पाइपाचा तुकडा तिच्या डाव्या डोळ्यात गेला होता. त्या डोळ्यानं तिला आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. उजवा झाकला, तर दारात कोणी उभं आहे हे कळतं, कोण ते नाही.

मंडळी धावत आली ती तिच्याकडं. भिंतीकडं कोणी बघितलं नाही. मी मात्र बघितलं — हे पण सांगून टाकतो. तिला धरून गाडीकडं नेताना मी मागं वळून शटर खाली ओढलं. बायको रक्तानं भिजलेली, आणि माझा हात शटरकडं गेला. त्यासाठी मला विचारही करावा लागला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात मेहुणा आला. त्यानं विचारलं, "फिटिंग कोणी केली होती?" मी म्हटलं, "युसूफनं." आता बघा, हे तर खरंच होतं ना? दोन भिंती त्यानंच केल्या होत्या. असं सोयीचं खरं किती पटकन सुचतं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून एका छोट्या बाटलीत काढलेला कण दाखवला. एका बाजूनं पांढरा, एका बाजूनं आकाशी. ती बाटली मी खिशात घातली आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली. मग "कपडे आणतो" म्हणून घरी आलो, सगळे तुकडे झाडून सिमेंटच्या गोणीत भरले आणि गोणी नाल्यात लोटली. नळही गेला. शेवटी पाना लावून कोपऱ्यातला एल्बो काढला. तो निघेना. एक पाय भिंतीला देऊन ओढावं लागलं, इतका पक्का आवळलेला होता.

अजून मी खोटं बोललो नव्हतो. ते आता येतं.

तिसऱ्या दिवशी लग्न उरकून युसूफ थेट आमच्याकडं आला. कोणीतरी त्याला फोनवर सांगितलं होतं. मी गॅरेजमध्ये होतो. त्यानं चप्पल बाहेर काढली, नेहमी काढायचा तशी, आणि आत येऊन त्या कोपऱ्यासमोर उभा राहिला. पाइपाचं उघडं टोक बघितलं. आट्यांवरून बोट फिरवलं. म्हणाला, "आटे तो अच्छे दिखते हैं, भाऊ. एल्बो निसटला?"

मी हो म्हणून मान हलवली.

"कुठंय एल्बो?"

"भंगारात गेला."

त्यानं आट्यांवरून परत एकदा बोट फिरवलं. मग त्यानं विचारलं, "उसपे मेरे ठिपके थे क्या?"

विचार करा, हा माणूस मला काय विचारत होता. लग्नाला निघायच्या गडबडीत आपण एखादा सांधा न तपासता सोडला असेल का, एवढीच त्याला आशा होती. ठिपके नसते तर ती घाई ठरली असती. घाई कोणाकडूनही होते. ठिपके असले, तर त्याच्या हातानं तपासलेला, त्यानं खात्री दिलेला सांधा सुटला होता. मला बोलायला वाव होता. "आठवत नाही" म्हणता आलं असतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि माझ्या मनात एवढंच होतं की नाही म्हटलं तर हा आणखी विचारत बसेल.

मी म्हटलं, "होते."

एवढंच. एक शब्द. हाच माझा गुन्हा आहे. पाइप ही चूक होती. तिच्यात मूर्खपणा होता, मिरवायची हौस होती. पण "होते" हे मी शुद्धीत, दिवसाढवळ्या, त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

पुढचं त्यापेक्षा वाईट आहे. सुमन घरी आल्यावर तो तिला भेटायला आला. खुर्चीवर बसायला तयार होईना. उभ्यानंच म्हणाला, "वहिनी, माझ्या हातनं झालं. मला माफी मागायची पण लाज वाटायलीय." डोळ्यावर पट्टी असलेली माझी बायको, तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं, म्हणाली, "युसूफभाई, माणसाच्या हातून होतं. तुम्ही काय मुद्दाम केलं का? मला तर काही आठवतच नाही, मी फूल ठेवायला वाकले आणि —" माझा जीव टांगणीला लागला. ती नळाबद्दल काही बोलते की काय? युसूफनं तर नळ बसवलाच नव्हता. बोलली नाही. तो रडला. तिनं त्याला माफ केलं. आणि मी त्या दोघांच्या मधे, भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या चुकीची माफी दुसऱ्यानं मागितली, आणि जिचा डोळा गेला तिनं ती त्याला देऊन टाकली. मला चहा ठेवायला सांगितलं, तो मी ठेवला.

त्यानंतर युसूफनं पाना हातात घेतला नाही. ठेकेदारानं दोनदा माणूस पाठवला. "माझा माझ्या हातावर भरवसा नाय राहिला," म्हणाला. आता खुलताबादला जावयाच्या किराणा दुकानात बसतो. जायच्या आधी आटे पाडायची त्याची डाय आणि तो पंच, दोन्ही कापडात बांधून माझ्याकडं घेऊन आला. वडिलांची होती डाय. म्हणाला, "तुमच्याकडं राहू द्या भाऊ, तुम्ही सांभाळून ठेवता." मी घेतली. नको म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

दर खंडेनवमीला सुमन ती डाय पाटावर पहिली मांडते. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज घेत तिच्यावर हळदीकुंकू वाहते आणि युसूफभाईंच्या हाताला यश दे म्हणते. मी शेजारी बसलेला असतो.

त्या दिवशी त्याचा फोन येतो. या वर्षीही आला. पोरं-बाळं, तब्येत, वहिनींचा डोळा, सगळं विचारून झाल्यावर तो दरवर्षी विचारतो तेच त्यानं विचारलं. "भाऊ, बाकी के जॉइंट बदल लिए ना? माझ्यावर नका राहू. एखादा परत सुटायचा."

मी म्हटलं, "बदलले."

बदललेले नाहीत. फोन ठेवून मी गॅरेजमध्ये गेलो, पाइपाच्या उघड्या टोकाला टोपी आवळली, हवा आठापर्यंत भरली आणि दाढीच्या ब्रशनं बाराच्या बारा सांध्यांना साबण लावला. एकावरही बुडबुडा आला नाही. तेरावा एल्बो मी भंगारात दिलाच नव्हता. तो लेथच्या खालच्या ड्रॉवरमध्ये चिंधीत गुंडाळून ठेवलेला आहे. त्याचे आटे शाबूत आहेत. त्याच्यावर दोन ठिपके आहेत.